मागचं दार

पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून गेलं की कठड्यापाशी हमखास कुणीतरी पाहुण्यांना पुणं दाखवत असतं. ती सारसबाग, ते स्वारगेट, पलीकडे सगळ्या पेठा. वारा छान असतो, खाली शेंगदाणेवाला असतो, आणि अख्खं शहर ओंजळीत मावेल एवढं दिसतं. मी या टेकडीवर वाढलो. वर देवळाकडे नाही, त्याच टेकडीच्या दुसऱ्या अंगाच्या उतारावर, जनता वसाहतीत. आमच्या घराकडे जायलाही पायऱ्याच होत्या. त्या कुणी मोजल्या नाहीत. हंडा डोक्यावर असताना मोजायचं सुचत नाही.

वडील बहात्तरच्या दुष्काळात माणदेशातून आले आणि भुसार बाजारात हमाली करू लागले. आई धुणंभांडी करायची. तिची चार कामं होती, दोन सहकारनगरात आणि दोन सदाशिव पेठेत. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात सुट्टीच्या दिवशी ती मला बरोबर न्यायची, कारण घरी ठेवलं तर मी कॅनॉलवर पोहायला जायचो. त्या वाड्याला दोन दारं होती. पुढचं रस्त्यावर उघडायचं, त्याला पितळी कडी आणि नावाची पाटी. मागचं बोळात. बोळातून आत गेलं की सरळ मोरी. मला ते घर मोरीकडून माहीत आहे. पुढून ते कसं दिसतं हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कॉलेजात होतो, आणि वाडा पाडायला काढला होता.

मोरीच्या कोनाड्यात एक कप असायचा. कान तुटलेला, निळ्या फुलांचा. आईचा चहा त्याच कपात. आता या कपावर मी रडगाणं गावं अशी वाचणाऱ्याची अपेक्षा असेल, पण आईचं त्या कपाबद्दलचं म्हणणं वेगळंच होतं. ती म्हणायची, "त्या घरात समदे एकमेकांचं कप वापरत्यात. माझा कप माझ्या एकटीचा हाय. कुनी हात लावत न्हाय." आणि हसायची. ती खरंच हसायची की मला दाखवायला, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

पण तिला त्या घराचं जे माहीत होतं ते ऐकून मी थक्क व्हायचो. चादरी धुताना तिला कळायचं कोण आजारी आहे. ताटात काय उरलं त्यावरून कळायचं की धाकट्याचं आणि वडिलांचं बोलणं बंद आहे. आजोबांचे दात कधी गेले, सुनेला दिवस गेलेत, अमेरिकेतल्या मुलाचं पत्र या महिन्यात आलेलं नाही, सगळं तिला मोरीत बसल्या बसल्या समजायचं. घरातल्या माणसांना एकमेकांचं एवढं माहीत नव्हतं. आणि आमच्या घरात माणसं किती, माझ्या बहिणीचं नाव काय, वडील कुठल्या गाळ्यावर ओझं वाहतात, हे त्या घरात बारा वर्षांत कुणी विचारलं नाही. दुष्टपणा नव्हता त्यात. मनातच आलं नाही.

त्या घरातल्या काकू चांगल्या होत्या. मला रद्दीतले दिवाळी अंक द्यायच्या आणि मोरीच्या उंबऱ्यावर बसवून मोठ्यानं वाचायला लावायच्या. मी 'आनी' म्हटलं की 'आणि', 'पानी' म्हटलं की 'पाणी'. न आणि ण. पुण्यातली खरी नदी मुठा नाही, ही आहे. मी दोन उन्हाळ्यांत पोहून पलीकडे गेलो. एका दिवशी न चुकता एक पान वाचून दाखवलं तेव्हा काकू खूश होऊन म्हणाल्या, "छान वाचतोस हो! तुमच्यातला वाटतच नाहीस." मलाही आनंद झाला. आई भांडी विसळत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण त्या दिवशी परत येताना ती माझ्याशी दांडेकर पुलापर्यंत बोलली नाही.

नववीच्या सुट्टीत वडिलांनी मला ओळखीनं एका बाइंडिंगच्या कारखान्यात लावलं. कारखाना म्हणजे शुक्रवार पेठेतली एक लांबट खोली, माळ्यावर पुठ्ठे, खाली छापील कागदांचे ढीग. कागद छापून येतो तो मोठा ताव. त्याच्या घड्या घालायच्या, लाकडी पट्टीनं दाबायच्या, की सोळा पानांचा एक फॉर्मा होतो. असे फॉर्मे ओळीनं लावायचे, मग शिलाई, मग खळ, मग पुठ्ठा, शेवटी कटिंग. नव्या पोराला घडीवर बसवत. दिवसभर एकच फॉर्मा. पहिल्या आठवड्यात माझ्या वाट्याला कुठल्यातरी पुस्तकाचा चौथा फॉर्मा आला, पान ४९ ते ६४. एक हजार प्रती. हजार वेळा तीच सोळा पानं डोळ्यांखालून जाताना ती वाचली नाहीत तर झोप येते.

त्या पानांत भुकेनं मरायला टेकलेली माणसं होती आणि त्यांच्यासाठी धान्य लुटायला निघालेला एक माणूस होता. तो कोण, कुठला, पुढं त्याचं काय झालं, काहीच पत्ता नाही. पान ६४ वर वाक्य अर्धंच तुटलेलं. पाचवा फॉर्मा खोलीच्या दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्या कारागिराकडे. मी लघवीचं निमित्त करून उठलो आणि त्याच्या ढिगातला एक ताव उलटसुलट करून वाचू लागलो. तो म्हणाला, "काय रे, वाचायला आलास का कामाला?" मग स्वतःच म्हणाला, "अण्णाभाऊ आहे तो. घरी ने एक खराब प्रत. पण शिवून घे, न्हायतर पानं उडतील." खराब प्रत म्हणजे शाई पसरलेले, वाकडे छापलेले ताव. मी शिकाऊ हातानं शिवलेलं पहिलं पुस्तक ते: फकिरा.

अण्णाभाऊ साठे म्हटलं की बहुतेकांना तिथंच थांबायचं असतं. १ ऑगस्ट १९२० चा वाटेगावचा जन्म, दीड दिवसाची शाळा, लहानपणी घरच्यांबरोबर पायी गाठलेली मुंबई, १९५९ ची कादंबरी, तिला राज्य शासनाचा पुरस्कार. हे सगळं १ ऑगस्टला सारसबागेजवळच्या त्यांच्या पुतळ्यापाशी ध्वनिक्षेपकावरून दरवर्षी ऐकू येतं. आम्ही लहानपणापासून ते ऐकत आलो. खरं सांगायचं तर त्यांच्या सगळ्या कादंबऱ्या मला सारख्याच आवडत नाहीत. काही ठिकाणी नायक फारच देखणा आणि खलनायक फारच काळा असतो, योगायोग तमाशाच्या वगासारखे धावून येतात. हे मी एका सभेत बोललो तर एक तरुण माझ्यावर धावून आला होता. त्याचा राग मला कळतो. ज्यांच्याकडे एकच पुतळा असतो त्यांना त्यावर ओरखडा चालत नाही.

मी परत परत जातो ते त्यांच्या मुंबईकडे. त्यांनी मुंबईत काय केलं नाही? गिरणीत राबले, ओझी वाहिली, हॉटेलात कामाला राहिले. अक्षरंही तिथंच, दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरची पोस्टरं वाचत पक्की केली असं सांगतात. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. मुंबईवर त्यांनी लावणी रचली, तिच्यात मलबार हिलची इंद्रपुरी आणि परळचा घाम एका दमात येतात. लावणी हा प्रकार शृंगारासाठी, आणि हा माणूस तिच्यात शहराचा नकाशा काढतो! दोन मुंबई आहेत हे सांगायला त्याला कुठल्या अभ्यासाची गरज पडली नाही. मलबार हिलवरच्या माणसाला परळ दिसत नसतं. परळच्या माणसाला मात्र दोन्ही दिसतात, कारण वरच्या बंगल्यातली लादी त्याच्याच घरातलं कुणीतरी पुसत असतं.

याच जागी मला आई आठवते, मोरीत बसलेली. दुभंगलेल्या शहरावर लिहायचं तर ते दोन्ही बाजूंनी पाहिलेला माणूस लागतो, आणि तसा माणूस मागच्या दारानंच आत येतो. पुढच्या दाराचा माणूस मागच्या बोळात गेला तरी पाहुणाच ठरतो. त्याला दया येते, धक्का बसतो, घाण वास येतो. तो लिहितो ते त्या वासाबद्दल. आमच्या वस्तीवर कुणी लिहिलं की पहिल्या परिच्छेदात गटार ठरलेलं. गटार होतंच हो. पण आम्ही काही दिवसभर गटाराकडे बघत बसत नव्हतो. आम्ही भिशीचे हिशोब करत होतो, गणपतीच्या वर्गणीवरून भांडत होतो, आणि शेजारची टीव्हीवाली बाई रामायणाच्या वेळी दार लावून घेते म्हणून तिला शिव्या देत होतो.

हे पुण्याला नवं नाही. गंज पेठेत राहणाऱ्या, बांधकामाची कंत्राटं घेणाऱ्या जोतीराव फुल्यांना १८८५ साली ग्रंथकारांच्या सभेचं आमंत्रण आलं होतं. त्यांनी नकार कळवला, आणि शूद्रातिशूद्रांना काय सोसावं लागतं ते उंटावरून शेळ्या वळणाऱ्या ग्रंथकारांना कुठून कळणार, असं त्या पत्रात स्वच्छ लिहिलं. मी हे पत्र वाचलं तेव्हा मला आधी हसू आलं. तो उंट मी पाहिला होता. सदाशिव पेठेत, पितळी कडीच्या दारात.

पुण्यात गोष्ट मुंबईपेक्षा जरा आडून चालते, असं माझं मत. मुंबईत गिरणीचा भोंगा झाला की हजारो माणसं एकदम रस्त्यावर यायची, त्यांना आपण किती आहोत ते दिसायचं. पुण्यातही कामगार होतेच, पण धुणंवाली, हमाल, रद्दीवाला, रंगारी एकेकटे निघतात आणि एकेकट्या दारांशी पोचतात. हमाल पंचायत झाली, पुढं कचरावेचकांची पंचायत झाली, त्यामुळे माझ्या वडिलांना निदान आपल्यासारखे किती हे कळलं. हमाल पंचायतीनं १९७४ ला सुरू केलेल्या 'कष्टाची भाकर' या खानावळीत झुणका-भाकर खाताना ते म्हणायचे, हितं बसलं की मी कोन हाय ते सांगावं लागत न्हाय. आईला असं बसायला कुठलीच जागा नव्हती. चार घरं, चार मोऱ्या. शहराचं दुभंगणं तिच्या बाबतीत पुलासारखं किंवा भिंतीसारखं नव्हतंच. तिच्या अंगावरून ते दिवसातून आठ वेळा जात होतं. पुण्यातले लोक 'तो पूर्वभागातला' असं म्हणतात तेव्हा दिशा सांगत नसतात. आणि 'वस्ती' हा शब्द आमच्या घरी पाहुण्यांना पत्ता सांगण्यापुरता होता, तोच बाहेर शिवी झालेला असायचा.

२७ सप्टेंबर २०१८ ला सकाळी मुठेचा उजवा कालवा फुटला. याच कॅनॉलवर मी पोहायला शिकलो. पाणी जनता वसाहतीजवळून सुटलं ते सिंहगड रस्त्यावरून दांडेकर पुलाच्या वस्तीत शिरलं. माझी मावशी तिथं राहते. मी ऑफिसात होतो. पहिला फोन सहकाऱ्याचा, "सिंहगड रोड बंद आहे, संध्याकाळी कर्वे रोडनं जा." दुसरा मावसभावाचा, "दादा, गॅसची टाकी व्हाऊन चाललीय, धरू का आईला धरू?" तो हे गंमत म्हणून बोलला नव्हता. मावशीचं काही झालं नाही. गादी, पीठ, नातवाची दहावीची पुस्तकं गेली. पुढं कालवा का फुटला याची चर्चा सुरू झाली, तेव्हा उंदीर, घुशी आणि खेकड्यांची नावं पुढं आली. मावशी चिखल उपसता उपसता म्हणाली, "खेकडं व्हय? मग त्यांनाच बोलवा म्हनावं भरपाई द्यायला."

या एका वाक्यासाठी मी कादंबरी लिहायला घेतली. जनता वसाहत, दांडेकर पूल, सदाशिव पेठ, सहकारनगर, आणि मधे हा कॅनॉल. ऐंशी पानं झाली. मग अडलो, आणि का अडलो ते मला बरेच महिने कळलं नाही.

कळलं ते एका सकाळी. आम्ही आता धायरीत राहतो, सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. गेटवर वही आहे. कामाला येणाऱ्या बायकांनी तिच्यात सही करायची, आम्ही नाही. त्या दिवशी आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाई आल्या नाहीत. बायको म्हणाली, फोन लावा. मी मोबाईलमध्ये शोधू लागलो आणि मला त्यांचं नाव आठवेना. नंबर सापडला. तो मी 'मावशी काम' या नावानं जतन केला होता. चार वर्षं त्या आमच्या घरी येत होत्या. त्यांना माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा रंग माहीत होता.

मी फोन केला नाही. भांडी मीच घासली, पण त्यानं काय होतंय? ऐंशी पानं त्या दिवशी काढून वाचली. सगळी बरोबर होती. शुद्धलेखन उत्तम. 'ण' एकही चुकला नव्हता. पण वस्तीतली माणसं बोलायला लागली की कुणीतरी पाहुण्यांना ऐकवायला बोलतायत असं वाटत होतं. मी पर्वतीच्या कठड्याला टेकून लिहीत होतो.

याचा उलटा अर्थ काढणारे लोक आहेत. ते म्हणतात, अण्णाभाऊ वर्षानुवर्षं घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहिले, म्हणून ते खरं लिहू शकले. हे ऐकलं की मात्र माझं डोकं फिरतं. १९६१ ला रशिया पाहून आलेला, तिकडच्या भाषेत वाचला गेलेला लेखक परत आला तो त्याच गळक्या पत्र्याखाली, आणि १८ जुलै १९६९ ला गेला, वयाची एकोणपन्नास पुरी व्हायला दोन आठवडे बाकी असताना. कोरडी खोली आणि वेळेवर मानधन मिळालं असतं तर आणखी वीस वर्षं लिहिलं असतं त्यांनी. झोपडी ही काही लेखनाची पाठशाळा नाही. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला, छान झालं. मला दर वेळी त्या पत्र्याचीच आठवण होते.

मग प्रश्न राहतोच, की घर बदललं तर नजर कशी ठेवायची. मला उत्तर सापडलेलं नाही. एवढंच केलं की बाईंना नाव विचारलं, आणि त्या संशयानं बघायला लागल्या. त्यांना वाटलं, मी त्यांना काढतोय. त्यांच्या अनुभवात साहेब नाव विचारतो ते हिशोब पुरा करतानाच.

गेल्या पावसाळ्यात आईला मोतिबिंदूच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे आणलं होतं. दिवसभर डोळे मिटून पडायचं, आणि ती जन्मात कधी अशी पडलेली नाही. दुसऱ्याच दिवशी कंटाळली. मी म्हटलं, वाचून दाखवू का काही. ती म्हणाली, दाखव, पन देवाचं नको. मी अण्णाभाऊंची 'स्मशानातील सोनं' ही कथा काढली.

कथा मुंबईच्या कडेची आहे. वारणेकाठचा भीमा पोटासाठी येतो, खाणीत दगड फोडायला लागतो. अंगात रेड्याचं बळ. मग खाण बंद पडते. काम नाही, पोरगी लहान. एका नदीकाठी चितेच्या राखेत त्याला सोन्याचा तुकडा सापडतो आणि त्याला धंदा मिळतो. तो रात्री मढी उकरू लागतो. एका रात्री तो एका सावकाराचं प्रेत उकरतो, अंधारात कोल्ह्यांशी झुंजतो, आणि सोन्यासाठी प्रेताच्या तोंडात बोटं घालतो तेव्हा ती दातांत अडकतात. तो कसाबसा सुटतो, पण डॉक्टर दोन बोटं कापतो. आणि त्याच दिवशी बातमी येते, खाण पुन्हा सुरू झाली. भीमा लहान पोरासारखा रडतो.

मी ही कथा कॉलेजात पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्रभर जागा होतो. पुढं तिच्यावर प्राध्यापकांची भाषणं ऐकली. शोषण, भूक, नियती, वास्तववाद. मीही एका लेखात 'शोकात्म उपरोध' असा शब्द वापरला होता, आणि तो मला फार आवडला होता.

वाचून झालं. बाहेर पाऊस थांबला होता. आईच्या डोळ्यावर हिरवी पट्टी, त्यामुळे तिला काय वाटतंय ते दिसत नव्हतं. कोल्ह्यांच्या वेळी ती नुसतं "आई गं" म्हणाली होती, बोटं कापताना तर काहीच नाही. मला वाटलं झोप लागली. मी पुस्तक मिटणार, तेवढ्यात ती म्हणाली,

"खान उघडली म्हनतोस."

"हो."

"मग मुकादमानं त्याला घेतला का?"

"कुणाला?"

"भीमाला. दोन बोटं न्हाईत त्याला. घन कसा धरनार? मी पडले व्हते, मनगट मोडलं व्हतं, आठवतंय का तुला? तू सातवीला व्हतास. पंधरा दिसांनी गेले तर सहकारनगरात दुसरीला लावलेली. म्हनून इचारते. घेतला का त्याला?"

मी पान उलटून पाहिलं. पुढं दुसरी कथा सुरू होत होती.